वाघजाईचं वळण

“यमुनाताई, वाघजाईच्या वळणावर तुमचा उजवा हात स्टिअरिंगवरून सुटतो,” गाडी म्हणाली. “दोनदा नापास झालात. आज शेवटची संधी.”

“सुटत नाही, नमस्कार करते मी!” यमुनाताई फणकारल्या. पंचाहत्तरी उलटलेल्यांची चाचणी आता गाडीच घ्यायची, लायसन्सही तीच नवं करून द्यायची, आणि देवधर्म काही तिला कळत नव्हता. पण वाडीतल्या बायकांना घाट उतरून बाजाराला नेणारं दुसरं कोण होतं? यमुनाताई लायसन्स सोडणार नव्हत्या, आणि वाघजाईलाही.

वळण आलं. हात सवयीनं वर जाऊ लागला, तसा त्यांनी तो स्टिअरिंगवर घट्ट दाबून धरला. मग इंडिकेटर दिला, गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि खाली उतरून देवळापुढे चांगले दोन्ही हात जोडले.

परत येऊन बसल्या तेव्हा पडद्यावर अक्षरं उमटली होती : ‘लायसन्स मंजूर. अट : वयोमानानुसार या वळणावर दर खेपेस थांबून विश्रांती घेणे बंधनकारक.’

यमुनाताईंनी देवळाकडची काच खाली केली. “ऐकलंस का गं आई? इतकी वर्षं तुला धावता नमस्कार घातला. आता थांबले नाही, तर लायसन्सच जाईल!”