पितळी काठीवरचे नाव

समजा, जुन्या वाफेच्या इंजिनात तुम्ही चालकाशेजारी उभे आहात. वेल्समधली आठ वर्षांची मारेड तशीच एमरिस आजोबांजवळ उभी होती. रूळ एकेरी. समोरून गाडी येऊ नये म्हणून पुढच्या टप्प्याचे नाव कोरलेली एकुलती एक पितळी काठी मिळाल्याशिवाय निघायचे नाही, हा नियम. आजोबांनी स्टेशनवर काठी घेतली आणि तिच्या हातात दिली.

"तुम्ही तिच्यावरचं नाव वाचलं नाहीत."

"चाळीस वर्षं तीच काठी आहे पोरी, वाचायचंय काय? आणि शिट्टीला हात लावायचा नाही."

गाडीने वेग घेतला. मारेडने अक्षरे जुळवली. "आजोबा, यावर लानवेरच्या टप्प्याचं नाव आहे. तो तर मागं गेला ना?"

आजोबांनी काठी पाहिली. त्यांनी कचकन ब्रेक लावला. वळणापलीकडे, झाडांवर, दुसऱ्या इंजिनाचा धूर दिसत होता.

मारेड उडी मारून शिट्टीच्या साखळीला दोन्ही हातांनी लोंबकळली.