डावीकडचा उजेड

निवृत्त हवालदार रामकिसन चिकलठाण्याच्या एका बंद कारखान्याची राखण करायचे. लकव्यानं डावा हात लुळा पडला, तेव्हापासून रिव्हॉल्व्हर त्यांच्याकडं अन् टॉर्च मनकर्णाबाईंकडं, अशी नवराबायकोची वाटणी झाली होती.

"टॉर्च अंगाजवळ धरू नको. चोर उजेडावरच गोळी झाडतो," असं त्यांनीच तिला शिकवलं होतं. मग ती त्यांच्या डाव्या बाजूला, हात लांब करून उभी राहायची. तिचा उजेड जिकडं वळेल, तिकडं त्यांचा हात आपोआप वळायचा.

"तुमचं हे लग्नापासूनच हाय," म्हणून ती हसायची.

त्या दिवशी दिवेलागणीला शेडमधी काहीतरी वाजलं.

"सेल संपलेत. दुकानातून आणते, तवर आत जाऊ नका," असं बजावून ती गेली. पण ऐकतील तर ते रामकिसन कसले!

आत गुडूप अंधार होता. ते जरासे पुढं गेले, तोच डावीकडून उजेड पडला. बरोब्बर हातभर लांबून.

"लई लवकर आलीस गं," ते खुशीत कुजबुजले. "जरा वर धर."

उजेड वर झाला. यंत्रांवरून सावकाश फिरू लागला. त्याच्या मागोमाग रिव्हॉल्व्हरही फिरत राहिलं. बोट चापावर होतं.

तेवढ्यात मागं दार करकरलं.

"अहो, सेल आणले! एकटेच अंधारात कशाला शिरलात?" दारातून मनकर्णाबाईंचा आवाज आला.

उजेड झपकन वळला अन् तिच्या तोंडावर थांबला.

अन् सवयीनं, त्याच्या मागोमाग, रामकिसनांचा हात वळला.