'नको'चा रकाना

"अजून एकदाच चालेल," डिस्क दुरुस्त करणारा म्हणाला. "फार तर दोन तास. मग कोणाच्या बापाला चालायची नाही."

आईच्या कॉम्प्युटरमधून काढलेली डिस्क टेबलावर पडली होती. नावं वाचण्यापुरती त्याने ती मिनिटभर चालू केली होती. तेवढ्या मिनिटात ती आतून टक टक करत राहिली, बंद दाराआडून कोणी नखाने ठोकावं तशी. मग त्याने ती बंद केली. दुकानातली शांतता त्या आवाजाहून वाईट होती.

आई जाऊन बावीस दिवस झाले होते.

"सगळं हाती लागेल असं नाही," तो म्हणाला. "आधी काय, मग काय आणि काय नको, ते तुमच्या हाताने लिहा." त्याने छापील कागद दादापुढे केला. तीन रकाने: आधी, मग, नको. खाली सही. "नंतर लोक माझीच कॉलर धरतात, म्हणून."

दादाने मोबाईल पाहिला. धाकट्या बहिणीचा सकाळचा निरोप त्याने मोठ्याने वाचला. 'दादा, आईचे आधी. बाळाला आजी दाखवायची आहे.' तिला सातवा महिना होता. औषधांच्या कारखान्यात ती तपासणी खात्यात होती. तिथे फोन आत नेऊ देत नाहीत. पाचपर्यंत ती कोणाला सापडणार नव्हती. आता अडीच वाजले होते.

पडद्यावर फोटो नव्हते, नुसती फोल्डरांची नावं होती. दादाचं लग्न. दादाचं घर. नवी गाडी. नवी गाडी दोन. पिंट्याचे वाढदिवस. धाकटीचं कॉलेज. आणि सगळ्यात खाली, सगळ्यांहून जड: नको.

"या 'नको'त काय आहे?"

"नको म्हणजे नको. कचरा. हललेले, धुरकट. आईने पुसायला काढून ठेवले असतील."

"कचरा एवढा जड नसतो, साहेब. आणि आईंच्या नावाचं तर काहीच दिसत नाही."

"अहो, आई सगळ्यातच असणार की! घरातली बाई, ती जातेय कुठे?"

दुरुस्तीवाल्याने पेन टेबलावर आपटलं नाही, पण ठेवलं जरा जोरातच. "ताईंना विचारा आणि उद्या या. बंद डिस्क मरत नाही. एकदा चालू केली की माझ्या हातात काही नाही."

"उद्या मला वेळ नाही."

दादाला वेळ कधीच नसे. आई दवाखान्यात होती तेव्हा एक पाय आत, एक बाहेर ठेवून तो "बरी दिसतेस" म्हणायचा आणि तिथूनच फिरायचा. घराण्यावर बोलायला मात्र त्याला तास पुरत नसे. आताही तो सुरू झालाच. "पुढच्या चार पिढ्यांसाठी आहे हे. तीन प्रती करणार मी. एक माझ्याकडे, एक बहिणीकडे, एक कुलपात. नातवंडांच्या नातवंडांना कळलं पाहिजे, आपण कोण होतो."

मग त्याने कागद भरला. 'आधी'मध्ये स्वतःचं लग्न. त्याखाली घर, दोन्ही गाड्या, मुलगा पिंट्या. 'मग'मध्ये धाकटी. 'नको'च्या रकान्यात लिहिलं, नको. लिहिता लिहिता त्याला हसू आलं. "बघा, आईने आपलं काम किती सोपं करून ठेवलंय." आणि त्याने झोकात सही ठोकली.

टक. टक. टक.

दुसऱ्या पडद्यावर फोटो उतरू लागले. दादा गाडीसमोर. दादा गाडीत. दादा गाडीच्या टपावर हात ठेवून. त्याची घाई कुठच्या कुठे पळाली. स्वतःला बघायला त्याला वेळ होता.

दुरुस्तीवाला मात्र दादाकडे बघत नव्हता. फोटोतल्या जमिनीकडे बघत होता. दादाच्या पायाशी एक सावली पडली होती. बारीक, दोन्ही कोपरं बाहेर काढलेली. पुढच्या फोटोत तीच. अंगणात तीच, गच्चीत तीच.

"हे काढलेत कोणी?"

"आईने. तिला दुसरं काम काय होतं?"

दुरुस्तीवाल्याने कागद बाजूला सारला. कोणाला न विचारता त्याने सरळ 'नको' उतरवायला घेतलं. टकटक वाढली. मग लांबलचक ओरखडा उठला, पाटीवर खिळा ओढल्यासारखा. मग काहीच नाही.

"काय झालं?" दादाने विचारलं.

"संपली."

"पण आपलं आलं ना सगळं?"

सव्वापाचला बहीण आली. पोटाला हात, धाप लागलेली. "आईचे मिळाले?"

"अकरा हजार फोटो मिळाले!" दादा म्हणाला.

ती तशीच खुर्चीत बसली आणि भराभर फोटो पुढे सारू लागली. गाडी. केक. गाडी. सावली. पुन्हा सावली. तिचा हात मंदावला.

"यात आई कुठाय?"

"कुठल्या फोल्डरमध्ये होते?" दुरुस्तीवाल्याने हळूच विचारलं. त्याला उत्तर ठाऊक होतं.

"मीच केलेलं. आठ वर्षं तिचा एकेक फोटो त्यात टाकत होते. ते तिथे आहेत म्हणून फोनमधले पुसले. नाव गमतीने दिलं होतं." तिने मान वळवली, पंजा चेहऱ्यापुढे धरला. हुबेहूब आई. "कॅमेरा धरला की काय म्हणायची ती, दादा?"

दादाला आठवेना. आठवणार कुठून? त्याने आईवर कॅमेरा कधी धरलाच नव्हता.

दुरुस्तीवाल्याने तो कागद त्याच्यापुढे सरकवला. उत्तर त्याच्याच अक्षरात होतं, तिसऱ्या रकान्यात, सहीच्या बरोबर वर.