तेहतिसावी घागर

तेलगावच्या जिनिंगमधला पंप पाणी उचलेना. भर दुपारी बॉयलर आटत चालला होता अन शेटजी माझ्यावर, म्हणजे फिटरवरच, खेकसत होते.

पंप चालवण्याआधी नळात वरून पाणी भरावं लागतं. या नळाला सहा घागरी पुरतात. पाणी भरणाऱ्या सत्यभामाबाईनं बत्तीस ओतल्या, तरी नळ भरेना.

गळती दिसावी म्हणून नळाचं खालचं टोक पाण्याबाहेर काढून माझ्या हाताखालचा सटवा विहिरीच्या तळाशी बसला होता.

“खालची झडप गळतीय ना बे?” मी वरून ओरडलो.

“न्हाई उस्ताद, थेंब न्हाई. कोरडी ठाक हाय.”

“मग पाणी काय तुझ्या बापाच्या घरी जातंय?”

तेहतिसावी घागर मी हिसकावून घेतली अन स्वतः ओतली. आत गटगट आवाज झाला. मग कुणी दम खायला थांबावं, तसा थांबला.

माझं टाळकंच सटकलं. पंपाची ओढ बघायला आम्ही नळाच्या तोंडावर तळहात ठेवतो. इंजन बंद होतं, तरी मी हात दाबून धरला.

“पी ना! अजून किती पितोस?”

हात ओढला गेला नाही. आतून काहीतरी ओलं, गरम तळहातावर फिरलं.

मग हळूच दात लागले.