मोज्यांवरचा मेकॅनिक

१९८४च्या त्या शरदात अमेरिकेतल्या नोव्हाय गावाजवळच्या एका गॅरेजमध्ये माझ्या मोटरहोमचे गळके छत दुरुस्त होत होते. दुसरे बिऱ्हाड मला नव्हते. दिवसभर नोकरी करून संध्याकाळी मी त्याच उसवलेल्या गाडीत झोपायला परतत असे.

एका संध्याकाळी परतलो, तर मेकॅनिक वॉल्ट नुसत्या मोज्यांवर माझ्या गाडीच्या पायरीवर बसला होता.

"बूट कुठे गेले?" मी विचारले.

"तुझ्या आंटीने बाहेर काढायला लावले. तुमच्यात तशी पद्धत आहे म्हणे." तो हसला. "चहा मात्र फार गोड करते यार."

"वॉल्ट, इथे मी एकटाच राहतो."

त्याचे हसू मावळले. थट्टेचा मागमूसही त्याच्या चेहऱ्यावर नव्हता. त्याने बूट उचलले आणि तो तसाच मोज्यांवर निघून गेला.

मला काही उमगेना. सवयीने मी माझेही बूट उतरवले आणि दार ओढले. त्याला आतून कडी होती.

"कोण आहे?" आतून एका बाईने मराठीत विचारले.

"मी... श्रीरंग," मी म्हणालो.



"श्रीरंग मघाशीच आला," ती म्हणाली. "जेवायला बसलाय."