अँथनीसाठी एक विशेषण

“ते ‘स्पॉटलेस’ काढ,” फ्लोरा म्हणाली.

नेल्सनचं बोट मोबाईलवर थांबलं. आतल्या खोलीत फ्लोराचा नवरा अँथनी पेटीत निजला होता, लग्नातल्या कोटात. बायका रोझरी म्हणत होत्या. दफन संध्याकाळी. त्याआधी कॅनडातल्या, दुबईतल्या नातेवाइकांना इंग्रजीत बातमी जायला हवी होती. आणि गिरीज गावात कुणी गेलं की ती बातमी नेल्सननेच लिहायची, हे ठरलेलंच.

बँकेतून रिटायर झाल्यापासून त्याने निम्मं गाव इंग्रजीत पोचवलं होतं. शिक्षकाला ‘इमॅक्युलेट’. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरला ‘अनब्लेमिश्ड’. वाडीवाल्याला ‘स्पॉटलेस लाइफ’. अर्थ सगळ्यांचा एकच, डाग नसलेला. ‘प्रिस्टिन’ मात्र तो माणसाला लावत नसे. विरारच्या एका फ्लॅटच्या जाहिरातीत तो शब्द संडासाच्या टाइल्सना लावलेला त्याने पाहिला होता. बाकी माणूस भांडखोर असो की शेजाऱ्याचा बांध कोरणारा, नेल्सनच्या हातून जाताना नीळ घालून, इस्त्री होऊनच जायचा. कुणाची कधी तक्रार नव्हती.

“चांगला शब्द आहे गं,” तो म्हणाला. “सगळ्यांना लावतो.”

“म्हनून तर नको. अँथनी पीत होता. तसं लिही.”

“मम्मी!” तिचा मुलगा ग्लेन दारातून ओरडला. सकाळपासून पेटी, फुलं, फादर, सगळं त्यानेच सांभाळलं होतं. त्याच्या पांढऱ्या शर्टावर एक सुरकुती नव्हती. “आज हे बोलायचं? माझ्या ऑफिसची माणसं वाचणार आहेत. नेल्सन अंकल, तुम्ही स्पॉटलेसच ठेवा.”

“ठेव,” फ्लोरा म्हणाली. “आनि मग त्याने काय केलं आयुष्यभर? नुसता आंघोळ करून बसला होता?”

एका बाईला हसू आलं. तिने ते पदरात दाबलं.

फ्लोरा हसली नाही. “तुझ्या पहिल्या कम्युनियनला हा मानूस चर्चच्या पायरीवर आडवा पडलेला. तू पांढऱ्या सुटात, माझ्या मागं लपलेलास. आठवतं ना? तिथून उठला तो. कसा उठला ते मी बघितलंय. हातपाय थरथरायचे, भिंतीला डोकं घासायचा, पन बाटलीला हात नाय. ते सगळं तुम्ही एका शब्दात पुसनार?”

“लोक काय म्हणतील, मम्मी?”

“लोकांना त्यानेच सांगितलंय. दर शनिवारी. चर्चच्या मागच्या हॉलात दारू सोडनारे बसतात, तिथं. थेंब सोडून किती वर्सं झाली तरी पहिला उठायचा. ‘मी अँथनी. मी दारुडा.’ जित्तेपनी बोलला, आता मेल्यावर त्याला गप करता?”

नेल्सनने शब्द खोडला. त्या जागी दुसरा शोधू लागला. एवढं इंग्रजी आयुष्यभर जपलेलं, पण एकही शब्द पुढे येईना. शेवटी त्याने शोधणं सोडलं, साधंच लिहिलं, आणि बायकांना कळावं म्हणून मराठीत वाचून दाखवलं.

“अँथनी दारू प्यायचा. मग त्याने ती सोडली. कशी सोडली, ते तो शेवटपर्यंत दुसऱ्यांना सांगत राहिला.”

विशेषण एकही नव्हतं. आतली रोझरी केव्हाच थांबली होती. नेल्सनने दारातून पेटीकडे पाहिलं आणि त्याच्या अंगावर काटा आला. शेजारी राहून, रोज रामराम घालून, हा माणूस एवढा मोठा त्याला कधी दिसलाच नव्हता. नकळत तो खुर्चीतून उठून उभा राहिला.

“पाठव,” फ्लोरा म्हणाली.

“थांबा,” ग्लेन म्हणाला.

आता भांडण होणार, नेल्सनला वाटलं. ग्लेन जवळ आला. तोंडात लवंग होती. पण लवंगेच्या खाली दुसरा वास होता, दारूचा. आजचा नव्हता तो, मुरलेला होता. नेल्सनने चमकून फ्लोराकडे पाहिलं. ती चमकली नव्हती.

ग्लेन आईसमोर खाली बसला.

“मम्मी,” तो म्हणाला, “तिथं, त्या हॉलात, पहिल्या दिवशी जाऊन काय बोलायचं असतं?”

फ्लोराने त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला.

“काय नाय रे. आत जायचं नि बसायचं. मी बाहेर थांबेन. पप्पाच्या वेळी पन थांबलेली.”