एकच ठिपका

लहानग्या लोरेनच्या पत्राला हार्लननं उत्तर दिलंच नव्हतं. "दुसऱ्या ताऱ्याभोवतीच्या त्या ग्रहावर आपला जुना उजेड पोचतो ना? मग तिथून माझे वारलेले बाबा अजून दिसतील?" दुर्बिणी घडवणाऱ्या हार्लनला तेव्हा खोटं लिहवेना, आणि खरंही.

तो निवृत्त होऊन म्हातारा झाल्यावर अंतराळातल्या दुर्बिणीनं ताऱ्याचा झगमगाट झाकून त्याच ग्रहाचं पहिलं चित्र पाठवलं. ते बघायला तो जुन्या प्रयोगशाळेत गेला.

"काय हो हार्लन, अख्खा ग्रह आणि एवढासा ठिपका?" प्रयोगशाळेतली प्रिसिला हसली. "माझ्या चष्म्यावरचा डाग मोठा असतो."

हार्लन घरी येऊन लिहायला बसला. "लोरेन, तिथून आपली पृथ्वीही अशाच एका ठिपक्याएवढी दिसेल. बाबा वेगळे ओळखू येणार नाहीत. पण बाबा असतानाच्या तुझ्या लहानपणीचा उजेड तिथं आत्ता पोचतोय. त्या ठिपक्यात तुम्ही दोघं एकत्र आहात."

पाकीट त्यानं लगेच टपालपेटीत टाकलं.